पाळीची माती

सगुणा, अक्षर लागेल तसं लावून वाच. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच, आणि शुद्धलेखनापुढे तर माझ्या गुरुजींनी तेव्हाच हात टेकले होते. कुसुमच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. टाक मध्येच अडतो, डाग पडतात. राग मानू नको. तुला हे पाठवीन की नाही तेही अजून ठरलेलं नाही. पण मायच्या दहाव्याला तू सगळ्यांसमोर विचारलं होतंस, "एक खोली बांधायले एवढे दिवस लागतात का व?" आणि मी मान खाली घालून तांदूळ निवडत बसले होते. ते उत्तर इतकी वर्षं माझ्यापाशीच राहिलं आहे.

आम्ही गाव सोडलं ती सकाळ तुला आठवत असेल, तू तेव्हा लग्नाची होतीस. माझं सासर म्हणजे आपल्या तलावाचा पलीकडचा काठ. लग्न झालं तरी मायची हाक ऐकू यायची. पण यांच्या घरी भावाभावांत जमीन वाटली गेली आणि यांच्या वाट्याला धानाचे दोन तुकडे, दोन बांध्या आल्या. म्हणून यांनी गोंदियाच्या भाताच्या गिरणीत काम धरलं. बैलबंडीत एक पेटी, दोन गाठोडी, मांडीवर तान्ही कुसुम. तिरोड्याहून गाडी पकडायची होती. बंडी तलावाच्या बांधावर, पाळीवर चढली तेव्हा माय मागून चालत आली. रडली नाही. यांना म्हणाली, "काय जी, तठी तलाव आहे का?"

"तठी नळ आहे, तलाव कायले पाहिजे?"

"नळाले पाळ नसते," माय म्हणाली, आणि तिथंच थांबली. बंडी वळेपर्यंत ती पाळीवर उभी होती.

गोंदियात पहिलं वर्ष भाड्याच्या खोलीत काढलं. नळावर सगळ्या हिंदी बोलायच्या. "बाई, जरा सरको", असं कुणीही म्हटलं की मी सरकायची. सरकता सरकता नळ जायचा आणि मी अर्धी घागर घेऊन परत यायची. हे हसायचे. "बोलायले पैसे लागतात का व तुले?" मी त्यालाही उत्तर द्यायची नाही. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे.

मग शहराबाहेर कोसभर अंतरावर एका खेड्यात जागा घेतली आणि एक खोली, एक ओसरी उभी केली. हे सायकलीने गिरणीत जायचे. मला तिथं बरं वाटायचं. भोवती धानाच्या बांध्या, समोर एक लहान तलाव. बाबा गेल्यानंतरच्या दिवाळीत माय आमच्याकडे आली. नेहमीसारखा स्वतःचा लोटा घेऊन आली, आपल्या घरचं पाणी भरून. लेकीच्या घरचं पाणी ती जन्मात प्याली नाही. पाणी संपायच्या आत परत निघायची. त्या वेळी तिचे डोळे फार अधू झाले होते. दादाच्या घरी तिला काही कमी नव्हतं, पण दादा आणि वहिनी दिवसभर शेतात, घरात ती एकटी. निघताना तिने माझा हात चाचपून धरला. "मले तुह्यापाशी ठेवशील का व?"

सगुणा, मायने आपल्याला कधी काही मागितलं होतं का? मला तरी आठवत नाही.

पण तिच्या अटी होत्या. खोली वेगळी पाहिजे, दार वेगळं, चूल वेगळी. आणि खोली तिच्या पैशाची. म्हणजे ते लेकीचं घर होणार नाही, तिचं स्वतःचं होईल, आणि मग तिला तिथं पाणी पिता येईल. तिला न्यायला आलेल्या दादाने तिच्या वाट्याचं धान विकून आलेले शंभर रुपये तिच्या हातात ठेवले, तिने ते यांच्या हातात ठेवले. "थंडी सरायच्या आत बांधा जी. या थंडीचं मले भेव वाटते." ती परत गेली आणि तिने आपलं गाठोडं बांधून ठेवलं.

छपराचे कवेलू आले, लाकूड आलं, दाराची चौकट आली. भिंती आम्ही दोघंच उभारणार होतो. आता मातीचं सांगते. यांच्या आज्याने गावचा तलाव बांधला, हे तू त्यांच्या तोंडून पन्नास वेळा ऐकलं असशील. मातीच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवू नये, असं त्यांना वाटायचं. त्यांनी समोरच्या तलावाच्या पोटातली काळी चिकण माती बंडीने आणली. बोटांत चोळून मला दाखवली. "पाहा, लोण्यावाणी आहे. हजार वर्षं हलणार नाई."

ती पाळीची माती होती. पाळीला तीच लागते, कारण ती पाणी धरून ठेवते. घराला लागते ती गावठाणातली पांढरी माती, धानाचं तणस, पेंढा घालून तुडवलेली, जी पाणी सोडून देते आणि वाळते. हे मला ठाऊक होतं. माय भिंत लिंपायची तेव्हा टोपल्या मीच उचलून दिल्या होत्या. यांच्या घरच्या पुरुषांनी तलाव बांधले, पण घराच्या भिंती त्यांच्या बायका लिंपत आल्या, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. ती माती आली त्या दिवशी मी तोंड उघडलं होतं. पण ते इतके आनंदात होते, की मी पदर खोचला आणि माती तुडवायला उतरले.

पहिला थर चढला. आठ दिवस वाळू द्यायचा, मग दुसरा. त्या वर्षी रोज सकाळी धुकं पडायचं, तलावावरून थेट अंगणात यायचं. आठ दिवसांनी भिंतीत बोट घातलं तर बोट आत गेलं. पंधरा दिवसांनीही तेच. हे गिरणीतून भुसा आणून भिंतीच्या कडेला धुमसत ठेवायचे. धुराने आमचे डोळे सुजले. भिंत मात्र तशीच थंडगार, म्हशीच्या पाठीसारखी. शेजारचे म्हातारेबुवा रोज काठी टेकत यायचे आणि विचारायचे, "काय जी, घर बांधून राहिले का बोडी?" बोडी म्हणजे आपल्याकडचं शेततळं, ते पोरांनाही ठाऊक असतं, म्हणून सगळी आळी हसायची. हे पहिल्यांदा हसले. चौथ्यांदा त्यांनी हातातलं फावडं फेकलं. त्या दिवसापासून घरात बोलणं कमी झालं. मी पाणी जास्त ओतलं म्हणून ते चिडायचे, माझे हात चालत नाहीत म्हणून चिडायचे. मी ऐकून घ्यायची. मनात म्हणायची, माती चुकली आहे जी. मनातच.

गावाकडून बाजाराला येणाऱ्या माणसाबरोबर मायचा निरोप यायचा. "खोली वाळली का, विचारलं." आम्ही सांगून पाठवायचो, आठ दिवसांत. असे किती आठ दिवस गेले.

ओल्या थरावरच त्यांनी पुढचे थर चढवले, चौकट बसवली. पौषात एका सकाळी मी ओसरीत चूल पेटवत होते. आवाज फारसा झाला नाही. भिंत नुसती बसली, दमलेलं माणूस बसतं तशी. चौकट आडवी पडली. हे त्या चिखलात उभे राहिले. तेव्हा मी म्हणाले, "पांढरी माती पाहिजे होती."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "तुले ठाऊक होतं?"

"हो."

"मंग सांगितलं काऊन नाई व?"

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं. त्याच दुपारी ते पांढरी माती आणायला गेले. त्या मातीची भिंत थरामागे थर वाळत गेली. महिन्याभरात कवेलू चढले. मी जमीन सारवली. चुलीची जागा मोकळी ठेवली, ती माय आपल्या हाताने घालणार होती. मायला आणायला हे बंडी सांगायला निघाले आणि दारात दादाचा माणूस आला.

तीन दिवसांच्या तापात माय गेली. पुढचं सगळं तू पाहिलं आहेस. एक पाहिलं नाहीस. तिच्या उशाचं गाठोडं मी सोडलं. दोन लुगडी, लोटा, आणि फडक्यात बांधलेला पांढऱ्या मातीचा गोळा. नव्या खोलीतल्या चुलीसाठी तिने माती बरोबर घेतली होती.

मी तो गोळा आणला. त्याची चूल घातली. तिच्यावर अजून काही शिजवलेलं नाही. आता त्या खोलीत कुसुम अभ्यास करते, आणि मी रोज सारवते. घर म्हटलं की मला आता तलावही आठवत नाही, ती चूल दिसते.

हे म्हणाले, मायचे पैसे मायसाठी होते, आपल्याला खाता यायचे नाहीत. दादाने कधी मागितले नाहीत. तरी दरवर्षी धान निघालं की ते शंभर फेडायला मी गावी जायची, कधी वीस, कधी दहा, पदराच्या गाठीत बांधून. दादा न मोजता आढ्यावरच्या डब्यात टाकायचा. वहिनी भाकरी करायची, मी पाळीवर जाऊन यायची. शेवटचे पाच रुपये मात्र मी दोन वर्षं अडवून ठेवले. यांना सांगितलं, जमले नाहीत. जमले होते. ते दिले की गावी कशाला जायचं, ते मला कळत नव्हतं. मधल्या काळात आण्यांचे नवे पैसे झाले, दादाचे केस पिकले.

यंदा गेले. दादाने नोट हातात घेतली आणि पहिल्यांदाच हसला. "फिटले सारे. आता कायले येशील व?"

थट्टाच होती ती. मी नेहमीसारखी खाली पाहायला लागले होते. मग म्हणाले, "तू बोलावलंस तर येईन." माझा आवाज मलाच मोठा वाटला. दादा उठला, पाणी भरून लोटा माझ्यापुढे ठेवला आणि डबा काढायला आढ्याकडे हात उंचावला. मी पाणी प्याले. नोट डब्यात पडली. शंभर पुरे झाले.