दादाचं तोडलेलं बोलणं

दादाच्या हातातला माईक मी काढून घेतला. अध्यक्षांनी नाही, मी. सख्ख्या भावाने.

जर्मनीत, न्युरेम्बर्गमधल्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती होता. भाड्याचा हॉल, शंभर-दीडशे माणसं, बहुतेक इंजिनिअर. दादा पहिल्यांदाच माझ्याकडे आला होता. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. दादा भरतीला गेला म्हणून मी शाळेत राहिलो. शांतिसेनेबरोबर तो श्रीलंकेत गेला आणि सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गमावून आला. मंडळाच्या अध्यक्षांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "वा, मग सत्कार करू. तुमच्याकडे काय, फौजेत जायची सवयच असते. आमच्याकडे कुणाला झेपलं नसतं."

मी हसलो. त्या हसण्याचीही आज लाज वाटते.

सत्काराला उत्तर म्हणून चार वाक्यं मीच लिहून दिली. पुस्तकी मराठीत. त्या वेळच्या नेत्यांचं धाडस, त्यांची दूरदृष्टी, जवानांचं भाग्य. दादाच्या बोलीला लोक हसतील ही भीती. दादाने शाल घेतली, कागद वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"ह्ये माझ्या धाकट्यानं लिवलंय. चांगलं हाय, पर खरं न्हाई," तो म्हणाला. "आमाला सांगितलं, शांतता राखाय चाललाय. उतरलो तर लढाई. कुनाशी, कशापायी, त्ये धाडनाऱ्यांनाच ठावं न्हवतं. माझ्या बाजूची पोरं गेली. आनि परत आलो तवा बंदरावर..."

मागे कुणीतरी त्याची नक्कल केली. हशा पिकला. अध्यक्ष माझ्याकडे वाकले. "अहो, आवरा त्यांना. सणाच्या दिवशी राजकारण नको."

मी उठलो. "दादा, बास. खाली बस." माईक घेतला आणि लोकांना म्हणालो, "माफ करा, त्याला बोलायची सवय नाही."

टाळ्या वाजल्या. त्या मला होत्या. दादा कृत्रिम पाय सांभाळत एकेक पायरी उतरला. कुणी हात दिला नाही. मीही नाही.

घरी जाताना स्टेशन लागलं. त्या दिवसांत सीरियातून पळालेली माणसं तिथे उतरत होती. जर्मन बायका त्यांना पाणी, केळी देत होत्या. दादा थांबून बघत राहिला.

"आमाला बंदरावर कुनी पानी बी इचारलं न्हाई. धाडनारं तर फिरकलंच न्हाईत."

हॉलमध्ये त्याला हेच सांगायचं होतं. मग त्याने हळूच विचारलं, "माझ्यामुळं तुझं हसं झालं का रं?"

मी तिकिटाच्या मशीनकडे वळलो. चार दिवसांनी तो गेला.

बायको म्हणायची, "अहो, दादांशी एकदा नीट बोला." मी फोन करायचो आणि हवामान विचारायचो. त्या लढाईबद्दल मिळेल ते वाचत बसायचो. एका सरकारने धाडलं, दुसऱ्याने परत बोलावलं. मेलेल्यांना आपलं म्हणायला मात्र कुणी पुढे आलं नाही. नेत्यांना ती आठवणच अडचणीची झाली. आणि मला भाऊ. माझ्या ऑफिसातले जर्मन आपल्या आजोबांच्या काळातल्या नेत्यांना जेवताना, सहज, दोष देतात. माझी जीभ एका मंडळाच्या अध्यक्षापुढे वळली नाही.

पुढच्या गणपतीत जेवणाच्या टेबलावर अध्यक्ष म्हणाले, "यंदा बंधू नाहीत ना? मग सगळं शांततेत होईल."

लोक हसले. मी हसलो नाही. उभा राहिलो आणि दादाचं सगळं सांगितलं, बंदरापर्यंत. चुकीच्या हुकमावर पोरं मेली आणि चूक कुणी कबूल केली नाही, हेही. "तुमच्याकडे कुणाला झेपलं नसतं, म्हणून आमच्याकडच्यांनी मरायचं आणि वर गप्पही बसायचं?" असं मी अध्यक्षांना विचारलं. ते ताट उचलून दुसऱ्या टेबलाकडे गेले. हळूहळू माझ्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. नंतर मंडळाचं आमंत्रण आलं नाही. माझा फोनही कमी वाजू लागला.

डिसेंबरात गावी गेलो. सकाळच्या उन्हात गावातले जुने फौजी पारावर बसतात. दादा त्यांच्यात होता. म्हणाला, "घरी चल, च्या घिऊ." मी नको म्हणालो. चारचौघांत गप्प केलं होतं, चारचौघांतच बोलायचं होतं.

"दादा, तू खरं बोलत होतास आणि मला ते माहीत होतं. तरी मी तुला खाली बसवलं, कारण मला त्या लोकांत बसायचं होतं. माझं चुकलं. मला माफ कर किंवा नको करू, पण यापुढे मी त्यांच्यात बसणार नाही."