लास्ट, फायनल आणि आमचे साडू

फक्त दोन इंग्रजी शब्दांवर अख्खा धंदा, संसार आणि सोयरीक निभावून नेणारा माणूस साऱ्या हिंगोली जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. जवळा बाजारपासून दोन कोसांवर त्यांचं गाव, थोडीशी कोरडवाहू जमीन आणि तीस-चाळीस शेळ्या-मेंढ्या. शाळा चौथीपर्यंत, तीही गुरुजींच्या भिडेखातर. एवढ्या शिक्षणात इंग्रजीशी त्यांचा संबंध यायचं कारण नव्हतं. पण आला, आणि जो आला तो कायमचा. ‘लास्ट’ आणि ‘फायनल’ हे ते दोन शब्द. तुम्ही-आम्ही हे शब्द एकाच मापानं वापरतो. भाजीवालीला ‘लास्ट किती?’ म्हणतो, तिनं सांगितलं की ‘फायनल किती?’ म्हणतो आणि त्यानंतरही कोथिंबीर फुकट मागतो. साडूंच्या लेखी असं बोलणारा आणि खोटी साक्ष देणारा यांच्यात काडीचा फरक नाही. “लास्ट म्हंजी आतापस्तोरचं शेवटचं,” ते सांगतात. “त्याच्यामागून अजून येऊ शकतं. फायनल म्हंजी दार लावलं, कडी घातली, मानूस झोपला.”

ही विद्या त्यांना मिळाली जवळ्याच्या आठवडी बाजारात, तीही ठेच खाऊन. मिसरूड फुटायच्या वयात ते पहिल्यांदा एकटे पाट घेऊन बाजारात उभे राहिले. (पाट म्हणजे जवान शेळी, मलाही हे लग्नानंतरच कळलं.) एका व्यापाऱ्यानं भाव सांगितला आणि वर म्हणाला, “लास्ट बोल दिया, भाई.” आमचे साडू भोळे. शेवटचं म्हणजे शेवटचं समजून त्यांनी शेळी देऊन टाकली. पुढच्या पाच मिनिटांत त्याच व्यापाऱ्यानं शेजारच्या माणसाला तसल्याच शेळीचा जास्त भाव दिला. हे जाब विचारायला गेले तर तो शांतपणे म्हणाला, “लास्ट बोला था. फायनल थोडीच बोला था.” दुसरा कुणी असता तर भांडला असता किंवा घरी येऊन रडला असता. साडूंनी यातलं काही केलं नाही. इथून पुढे या दोन शब्दांची सरमिसळ आपल्या तोंडून होऊ द्यायची नाही असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, आणि या माणसानं ठरवलं की ब्रह्मदेवाचीही फाईल परत येते.

त्या बाजारात जनावराचा सौदा रुमालाखाली होतो. घेणारा आणि देणारा रुमालाआड हात घालतात, बोटं दाबून भाव सांगतात आणि चेहरे मात्र दोघांचेही दशक्रियेला आल्यासारखे ठेवतात. साडू रुमालाखाली सात वेळा लास्ट म्हणतील, हसतील, बिडी नको म्हणतील, पुन्हा लास्ट म्हणतील. पण एकदा फायनल म्हणाले की हात बाहेर काढतात आणि शेळीच्या गळ्यातलं दावं सोडून स्वतःच्या खांद्यावर टाकतात. विकलेल्या जनावराबरोबर आपलं दावं द्यायचं नाही, दाव्याबरोबर घरची बरकत जाते, हा तिकडचा जुना रिवाज. घेणाऱ्यानं दावं स्वतःचं आणायचं. साडूंनी या रिवाजाला आपलं इंग्रजी जोडून टाकलं. दावं खांद्यावर आलं म्हणजे फायनल. मग मागून त्याहून मोठा भाव सांगणारा आला तरी ते मान वळवत नाहीत. घरी आल्यावर ते दावं ओसरीतल्या खुंट्यांवर टांगतात. त्या खुंट्यांना घरातलं कुणी हात लावत नाही. आमच्या हिनं एकदा तिथे ओला टॉवेल वाळत घातला होता, त्याची आठवण तिला अजून दर दिवाळीला करून दिली जाते.

बरं, हा कायदा बाजारापुरता ठेवावा की नाही? चहा घेतानाही तेच. ‘लास्ट’ म्हणून ते चार कप पितात आणि ‘फायनल’ म्हणून कप पालथा घालतात. तंबाखूला ते एका सकाळी फायनल म्हणाले, चुन्याची डबी उकिरड्यावर भिरकावली, आणि त्या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. माझ्या लग्नात तिसऱ्या जिलेबीनंतर ते ताटावर हात धरून फायनल म्हणाले. आमच्या सासूबाई आग्रहात कुणाचं ऐकणाऱ्या नव्हत्या, त्यांनी चौथी जिलेबी त्यांच्या पालथ्या हातावर ठेवली. साडूंनी ती झटकली नाही आणि खाल्लीही नाही. पंगत उठेपर्यंत ते हातावर जिलेबी घेऊन बसले, पाक कोपरापर्यंत गेला, माशा आल्या, तरी चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. लग्नातल्या माझ्या फोटोंपेक्षा त्यांच्या हाताचे फोटो जास्त आहेत. मात्र दरवर्षी शेजाऱ्याच्या तुरीत घुसणाऱ्या त्यांच्या दाढीवाल्या बोकडाला आजवर फक्त लास्ट वॉर्निंगच मिळालेली आहे. याबद्दल विचारलं तर म्हणतात, “जे घरात ठिवायचंय त्याला फायनल म्हनू नाही.”

माझी नोकरी एका सरकारी कचेरीत. तिथे मी उभी हयात अंतिम स्मरणपत्रं लिहिण्यात घालवली. एकाच माणसाला आम्ही पाच-पाच अंतिम स्मरणपत्रं धाडतो. हे एकदा गप्पांच्या भरात साडूंना सांगितलं आणि पस्तावलो. ते माझ्याकडे कणवेनं बघत म्हणाले, “साडूभाऊ, तुमाला पगार कशाचा देऊन राहिले?”

तर अशा या माणसाच्या पोटी एकच लेकरू, कावेरी. पोरगी हुशार, नर्सिंग शिकली, आणि तिला पुण्याच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. पत्र आलं तेव्हा साडू बोकडाच्या खुरातला काटा काढत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “पुन्याला न्हाई. फायनल.” कावेरी त्यांचीच पोरगी. ती म्हणाली, “मी जानार. माझं बी फायनल.” त्या घरात आजवर एका वेळी एकच फायनल नांदलं होतं. दोन झाल्यावर बोलणं बंद पडलं. बाप ओसरीत जेवायचा, लेक चुलीजवळ, आणि मधल्या दारात दोघांच्या भाकरी घेऊन अक्का, म्हणजे माझी मेहुणी. चौथ्या दिवशी अक्काचा मला फोन आला. “तुमी या. तुमचं ते ऐकतेत,” ती म्हणाली. हे धादांत खोटं होतं, पण मी गेलो.

मी साडूंना बांधावर गाठलं. पोरीचं भविष्य, पगार, जग कुठे चाललंय, सगळं सांगून झालं. शेवटी म्हणालो, “दाजी, एवढ्या बारीला फायनलचं लास्ट करा की.”

“हे काय तुमचं हापीस हाय व्हय?” ते म्हणाले.

मग त्यांनी काठीनं एक ढेकूळ फोडलं. “साडूभाऊ, मी इतकी जनावरं इकली. गेलेलं एक बी वापस आलं न्हाई. बाजारात त्याचं काही वाटत न्हाई, सौदाच तसा असतो. पन लेकरू तिकडं गेलं, तिथलंच झालं, मंग आमी दोघं कोनाच्या तोंडाकडं बघावं?” एवढं बोलून ते शेळ्यांना हाका मारत निघून गेले. त्यांचा आवाज असा फाटलेला मी पहिल्यांदा ऐकला, आणि खरं सांगतो, माझ्याजवळचा सगळा उपदेश तिथेच संपला.

कावेरीचंही फायनल कायम होतं, म्हणून शनिवारी सकाळी मी तिला घेऊन जायला गेलो. साडू उजाडायच्या आत कळप घेऊन निघून गेले होते. निरोप न देता. अक्का डोळे पुसत दशम्या बांधत होती. कावेरीच्या पत्र्याच्या पेटीची कडी तुटलेली, झाकण बसेना. कावेरीनं इकडेतिकडे पाहिलं, सरळ ओसरीत गेली आणि खुंटीवरचं एक दावं काढून पेटीला आवळलं. अक्कानं तोंडाला पदर लावला. मीसुद्धा नकळत दोन पावलं मागे सरकलो.

आमची सवारीची जीप फाट्यावरून जेमतेम अर्धा कोस गेली असेल, तोच रस्ता अडला. पुढे सगळा कळप आडवा, आणि मधोमध काठीवर रेलून साडू. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून पाहिला. बोकडानं त्याच्याकडे बघून रवंथ सुरू केला. साडू जीपच्या मागच्या बाजूला आले. त्यांची नजर पेटीवर गेली आणि तिथेच थांबली.

“हे दावं कोनाला इचारून घेतलं?”

“कोनालाच न्हाई,” कावेरी म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. “आबा, इकलेल्या जनावरासंगं दावं जात न्हाई, तुमीच सांगता. मी इकून चालले न्हाई. म्हनून दावं संगं घेतलंय.”

साडूंनी दाव्यावरून हात फिरवला. मग तिनं मारलेली गाठ सोडली, गुडघा लावून दावं पुन्हा आवळलं आणि स्वतःच्या हातची गाठ मारली. “ही तुझी गाठ औंढ्यापस्तोर बी टिकली नसती,” ते म्हणाले. पोरीच्या डोक्यावर एकदा हात ठेवला आणि कळपाला बाजूला हाकलू लागले. मी खाली उतरून त्यांच्याजवळ गेलो तर म्हणाले, “फायनल मोडलं न्हाई बरं का. जनावर दाव्यासकट गेलं तर त्याला सौदा म्हनत न्हाईत. चरायला गेलं म्हनतेत.” डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मीही माझं पुसलं नाही.

आता कावेरी दिवाळीला येते, उन्हाळ्यात येते. पत्र्याची पेटी गेली, चाकांची बॅग आली. बॅगेला दाव्याची काही गरज नाही, तरी ती दावं गुंडाळूनच येते आणि जाताना साडू गाठ मारून देतात. साडूंचे गुडघे आता दुखतात, कळप निम्म्यावर आला आहे. ओसरीतल्या सगळ्या खुंट्या भरल्या, फक्त एक मोकळी आहे. तिच्यावर ते दुसरं दावं टांगत नाहीत.

मागच्या महिन्यात गेलो होतो. संध्याकाळी तिचा फोन आला. शेळ्या झाल्या, पाऊसपाणी झालं, अक्काचं औषध झालं. तिकडून ती म्हणाली, “आबा, ठिवू का आता? ड्यूटी हाय.” साडू म्हणाले, “थांब, लास्ट एक सांगतो.” ते सांगून झाल्यावर पुन्हा म्हणाले, “हे लास्ट.” असे पाच-सहा लास्ट झाले. मी शेजारी बसून माझ्या लास्ट चहाचा तिसरा कप पीत होतो आणि दुसरा शब्द कधी येतो याची वाट बघत होतो. तो आला नाही. अक्का म्हणते, तिच्याशी बोलताना तो त्यांच्या तोंडून कधीच येत नाही.