अळणी सोमवारची रताळी

मी काही लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे चार ओळी लिहितानाही आपण आगाऊपणा करतोय असं वाटतं. वाचणाऱ्यांनी तो पोटात घालावा.

नव्वदीतली गोष्ट. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी, आम्ही दोघं कोपरखैरण्याला एका खोलीत राहायचो. आई साताऱ्याकडे गावी. तिच्या पोटात गाठ निघाली तेव्हा वडील तिकडे गेले. माझी परीक्षा होती, म्हणून मी मागे राहिलो. निघताना ते म्हणाले, "सोमवारी आपरेशन हाय. तिचा सोमवार मोडाय नको. तू धर."

आईचा सोमवार अळणी असायचा. दिवसभर मिठाचा कण नाही. संध्याकाळी चुलीच्या राखेत भाजलेली रताळी आणि कपभर दूध.

वडिलांनी मार्केटातून आणलेली रताळी होती, पण चूल नव्हती, स्टोव्ह होता. उकडणं सोपं होतं. मला मात्र तिच्यासारखीच हवी होती, बिनतेलाची, सुरकुतल्या सालीची, बोटाला पाक चिकटणारी. जाड पातेल्यात वाळू तापवून वर झाकण ठेवलं की भाजता येतं, हे कुणाकडून तरी ऐकलं होतं. शेजारच्या आगरी मावशींकडे वाळू मागायला गेलो.

"वालू कशाला? मीठ घे. उरनचा हाय, जाडा," मावशी म्हणाल्या. मग माझ्या हातातल्या पातेल्याकडे बघून, "कॉलेजान हेच शिकवतान का रं बाला?"

मी हसलो. दिवसभरात तेवढंच कुणाशी बोलणं झालं.

मिठाच्या थरावर रताळी मांडली, स्टोव्ह बारीक केला. वास सुटला तेव्हा बरं वाटलं. सवयीनं दोन ताटल्या काढल्या, एक परत ठेवली.

पहिलाच घास खारट लागला. साल फुटून पाक झिरपला होता आणि त्याला मीठ धरलं होतं. तोवर माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. घास टाकला, चुळा भरल्या. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं मी कॉलेजात ठासून सांगायचो. त्या संध्याकाळी तो अविश्वास काही कामाला आला नाही.

बाकीची रताळी तशीच ठेवून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन बसलो. वडील तिथल्याच फोनवर कळवणार होते.

"टेन्शन नको घेऊ," दुकानदार म्हणाला. पण फोन वाजला की उचलायचा आणि माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवायचा. शेवटी शटर अर्धं ओढल्यावर त्यानं रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"सोमवार धरलास?" वडिलांनी आधी तेच विचारलं.

"धरला."

"मग झालं. आपरेशन बरं झालं. डोळं उघडलं, वळखलं मला." मग म्हणाले, "पर आता तिला एकटीला ठेवता यायचं नाही. मार्केट सोडतोय मी. तिकडं काय आता येत नाही. खोली तू सांभाळ."