रिकामा कप्पा

इंजेक्शनआधी नर्सनं दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि मला कारंजा गावातलं माझं कॅसेटचं दुकान आठवलं. टेपचं हेड मी स्पिरिटनंच पुसायचो.

हिंदी अल्बमचे दिवस होते ते. सिनेमा नाही, हिरो नाही, नुसत्या प्रेमाच्या गाण्यांवर पोरं नाव कमवायची. माझा मित्र विजयही नागपूरला जाऊन आठ गाण्यांचा अल्बम काढून आला. त्याच्या कॅसेटींचा अख्खा कप्पा मी मांडला. हायवेचे ट्रकवाले त्या उलटसुलट करून पाहायचे आणि परत ठेवायचे.

गणपतीत केळझरकडून आरत्यांची मागणी आली आणि कोऱ्या कॅसेटी संपल्या. भरलेली कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून तिच्या खाचा मोडलेल्या असतात; मग मी विजयच्या कॅसेटींच्या त्या खाचांवर चिकटपट्टी लावली आणि त्याच्या गाण्यांवर आरत्या भरून दिल्या.

चार दिवसांनी तो आला आणि त्याला आपला कप्पा रिकामा दिसला.

"सप्पा गेल्या का बे?"

"गेल्या," मी म्हणालो. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

"मंग मी दुसरा काढतोच!"

त्यानं कापसाच्या जिनिंगमधली नोकरी सोडली. दुसरा अल्बम निघेपर्यंत लोकांचं ते वेडच ओसरलं होतं.

अजूनही भेटला की म्हणतो, "पयला तं चालला होता ना बे, तुह्याच दुकानात!"

मी हो म्हणतो.