पाणी उकळून प्या म्हटल्याबद्दल

आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यातून एकदा येतं, कधी त्याहून उशिरा, अन् येतं तेव्हा सांगून येत नाही. म्हणून मी बायांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला होता. नियम एकच. जिच्या नळाला आधी धार लागेल तिनं लिहायचं, "आलं." की गारखेड्यातल्या त्या एवढ्याशा गल्लीत पाणी ओढायच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू. पुढंपुढं त्यात लोणच्याच्या कैऱ्या आल्या, कुणाच्या सुनेचं बाळंतपण आलं, गुडघेदुखीची तेलं आली. अ‍ॅडमिन मी. नवरा गेल्यावर, पोरगा पुण्याला लागल्यावर माझा दिवस त्या ग्रुपवरच निघायचा. बाकी घरात बोलायला होतं कोण, भिंती.

नोकरी माझी सरकारी प्रयोगशाळेत. शहरातून पाण्याच्या बाटल्या यायच्या, आम्ही तपासून सांगायचं, पिण्याजोगं आहे का नाही. त्या उन्हाळ्यात आमच्याच भागातले नमुने एकामागून एक नापास व्हायला लागले. आपला हात चुकला असेल म्हणून मी पुन्हा तपासले. हात चुकला नव्हता. साहेबांकडं गेले तर म्हणाले, "मॅडम, वरून कळवतील तेव्हा कळवतील. तोवर बाहेर एक अक्षर नाही. लोकं घाबरतात."

मी म्हटलं, "साहेब, पितात पण."

त्यांनी चष्मा काढून पुसला अन् दुसरी फाईल उघडली.

नेमकं त्याच संध्याकाळी पाणी आलं. मी कणीक मळत होते. खिडकीतून बघते तर शेजारच्या आपांची नात अंगणातल्या नळाला तोंड लावून गटागटा पीत होती. टाईप करायला हात कुठं मोकळे होते, तसंच कणकेचं बोट ग्रुपातल्या माइकवर दाबलं अन् बोलले, "बायांनो, पाणी उकळून घ्या. गाळून नाय, उकळून. लेकरांना तर तसंच अजिबात देऊ नका. मी सांगते म्हणून ऐका." झालं. एवढाच माझा गुन्हा. कागद नाही फोडला, आकडा नाही सांगितला.

मला वाटलं, गल्लीतली गोष्ट गल्लीत राहील. पण आमच्याकडं कुणी कामाची गोष्ट एकटीपाशी ठेवत नाही, ती वाटतात, शिरा वाटावा तशी. एकीनं ते सिल्लोडच्या बहिणीला पाठवलं. एकीनं नवऱ्याला, नवऱ्यानं वाळूजच्या कंपनीच्या बसच्या ग्रुपात टाकलं. सिल्लोडचं पाणी वेगळं, आमचं वेगळं, पण तिथंही बायांनी उकळलं म्हणे. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, आपला फोन टेबलावर ठेवला अन् त्यातून माझाच आवाज आला. "मी सांगते म्हणून ऐका." माझा आवाज घोगरा, शंभरात ओळखू येतो. नाय म्हणायची सोयच नव्हती.

मग चौकशी लागली. मला घरी बसवलं. नोकरीला लागताना मी गोपनीयतेच्या कागदावर सही केली होती म्हणे. केली असेल, त्या वयात लोक कशावरही करतात. मोठ्या टेबलाभोवती तिघं बसायचे अन् पाण्याबद्दल एकानंही एक शब्द विचारला नाही. विचारलं ते हेच, की कुणाकुणाला पाठवलं, त्यांनी पुढं कुणाला पाठवलं, ग्रुपात कोण कोण आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. मी म्हटलं, नावं मी सांगायची नाय. ते म्हणाले, "नका सांगू. फोन जमा करा."

तो दिला, त्यांनी पाकिटात घालून सील केला, अन् गल्लीतल्या साऱ्या बायांच्या लोणच्यापासून बाळंतपणापर्यंतचं सगळं त्या पाकिटात गेलं. चार दिवसांनी दोन पोलीस गल्लीत आले. घरोघरी नावं विचारली, बोलले गोडच. पण आमच्याकडं पोलीस गोड बोलला तरी दारं लागतात.

फोन परत मिळाला तेव्हा मी रिक्षातच चालू केला. ग्रुप उघडला. ओळीखाली ओळ, ही बाहेर पडली, ती बाहेर पडली. सगळ्यात शेवटी आपा. ज्या ग्रुपाची मी अ‍ॅडमिन, त्यात मी एकटी उरले होते. राणी मीच अन् रयतही मीच. मी त्यात लिहिलं, "कोणी आहे का?" अन् रिक्षावाल्यासमोर रडले. लाज वाटली, पण रडले.

त्यांनी दुसरा ग्रुप केला होता, हे मला मोटारींवरून कळलं. एकदम साऱ्या गल्लीत घरघर सुरू व्हायची अन् मी बादली घेऊन धावायचे. तोवर माझ्या नळाला करंगळीएवढी धार. मला राग यायचा, लई राग. ज्यांच्यासाठी तोंड उघडलं त्यांनीच तोंड फिरवलं. भाजीवाल्याच्या गाड्यावर मी गेले की बोलणं भेंडीवर यायचं. मग वाटायचं, त्यांचं तरी काय चुकलं? कुणाचा नवरा कंपनीत कंत्राटावर, कुणाचं पोरगं भरतीच्या तयारीत, चारित्र्याचा दाखला पोलिसांकडूनच घ्यायचा.

पोरगाही बदलला. पूर्वी तासभर बोलायचा. आता "जेवलीस का, गोळी घेतलीस का" अन् बस. मी ऑफिसचं काही काढलं की, "आई, फोनवर नको." घरी आला की बोलू, म्हणायचा. येत तर नव्हता.

फोन ऐकतो का, बघतो का, मला कुणी सांगितलं नाही. त्यांनी त्यात काही घातलं असेल, नसेलही. पण सवय लागली. वरणाला फोडणी देताना मी त्याला म्हणायचे, "साहेब, जिरं टाकतेय, लिहून घ्या." हसायचे. अन् एकदा, खरं सांगते, वाटलं की ऐकत असेल कुणी तर बरंच आहे. दिवसभरात माझा आवाज कुणाच्या तरी कानात जातोय.

पुढं मला कामावर परत घेतलं, पण बाटल्यांपासून लांब, आवक-जावकच्या टेबलावर. चौकशीचं काय झालं, ते गोपनीय. पाणी पास का नापास, तेही मला आता कळत नाही. शहरातल्या कुणाला कळत नाही, तसंच.

परवा, रविवारी सकाळी, फोन वाजला. आपांनी मला नव्या ग्रुपात घेतलं होतं. माझा जीव सुपाएवढा झाला. सगळी नावं वाचली, प्रत्येकीचा फोटो मोठा करून बघितला. लिहायला गेले तर लिहिताच येईना. खाली ओळ होती, फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकतात. ग्रुपाची माहिती उघडली तर अ‍ॅडमिन एकट्या आपा, अन् लिहिलं होतं, इथं फक्त "आलं" येईल, दुसरं काही नाही. ना कैऱ्या, ना सुना, ना गुडघे. गल्लीचं तोंड शिवून टाकलं होतं, अन् ते माझ्यामुळं.

तेवढ्यात त्यात आलं, "आलं." मी नळ सोडला. पाण्याला वास होता, नाल्याजवळून जाताना येतो तसला. पिवळटही दिसलं. ग्रुपात सांगता येईना. मी तशीच ओल्या हातानं आपांच्या फाटकाशी गेले. त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडं बोट केलं.

"ताई, वो घर में रखके आओ."

ठेवून आले. आपा पायरीवरच उभ्या होत्या, मला आत या म्हणाल्या नाहीत. मी म्हटलं, "आपा, पाण्याला वास आहे. पोरीला तसंच देऊ नका."

"उकळते की मी," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही बोलला त्या दिवसापासून रोज उकळते. सगळ्याच उकळतात. पलीकडच्या गल्लीत केवढी लेकरं बिमार पडली, आपल्या गल्लीत एक नाय."

मी ओले हात पदराला पुसले.

"बस, ताई," त्या फाटक लोटत म्हणाल्या, "मी तुम्हाला हे बोलले, असं कुणाला सांगू नका."

नाय सांगत, म्हटलं. अन् घरी आले. सांगायला मला होतं तरी कोण?