लहानाच्या नावावर काही राहत नाही

१५ जानेवारी, मंगळवार. सात वर्षांपूर्वीची संक्रांत. स्थळ: नंदनवनमधल्या आमच्या तेव्हाच्या घराची गच्ची. हजर: मोठा मुलगा निखिल, वय एकवीस, धाकटा सुमेध, वय सोळा, आणि मी, तिळाच्या वड्यांचं ताट घेऊन नुकतीच वर आलेली. गैरहजर: त्यांचे बाबा, मौद्याच्या वीज प्रकल्पावर दिवसपाळीला.

अशी हजेरी मांडल्याशिवाय मला सुरुवातच करता येत नाही. कॉलेजच्या कार्यालयात इतकी वर्षं सभांची इतिवृत्तं लिहिली — आधी कोण होतं, मग काय झालं. या दिवसाचं इतिवृत्त मात्र मी कुठेच लिहिलेलं नाही. कोणाला सांगितलेलंही नाही. बहिणीला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्यांसमोर माझी जीभ उचलत नाही.

आमच्या नागपुरात संक्रांतीला घरात कोण असतं? सगळे गच्चीवर. एकजण पतंग उडवतो, दुसरा मागे चक्री धरून उभा राहतो. आमच्याकडे ही वाटणी ठरलेली होती — पतंग निखिलचा, चक्री सुमेधच्या हातात. अगदी लहानपणापासून. सुमेधला पतंग धड उडवताही येत नव्हता. दादा म्हणाला ढील दे की ढील द्यायची, गुंडाळ म्हणाला की गुंडाळायचं. आणि दादाने कोणाचा पतंग कापला की सगळ्या गल्लीत याचाच आवाज मोठा — "ओ काऽऽट!"

मांजा नायलॉनचा होता. त्यावर बंदी आहे, हे शहरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. आदल्या आठवड्यात कपाट आवरताना ती चक्री मला दिसली होती. मी ती बाजूला सरकवली आणि घड्या केलेले कपडे ठेवले.

दुपारी निखिलचा पतंग कटला. उरलेला मांजा तो भराभर ओढत होता. ओढता ओढता मांजा खाली रस्त्यावर आडवा आला, आणि त्याच वेळी एक बाई मोपेडवरून येत होत्या. मी वरून पाहिलं. त्यांचा हात गळ्याकडे गेला, गाडी घसरली, आणि लोक धावले. थोडक्यात वाचल्या त्या. गळ्याला टाके पडले.

खाली चार जण आमच्या गच्चीकडे बोट दाखवत होते. आता पोलीस येणार, हे उघड होतं.

इथपर्यंत जे झालं त्याला अपघात म्हणता येईल. पुढचं मी केलं.

दोघांना घेऊन मी स्वयंपाकघरात आले. निखिलची कॅम्पसमधून पुण्याच्या कंपनीत निवड झालेली, पावसाळ्यात रुजू व्हायचं, त्याआधी पोलीस पडताळणी. माझ्या डोक्यात या गोष्टी एकाखाली एक लागत गेल्या — मला सवयच आहे ती. आणि त्यांच्या खाली एक वाक्य होतं, कार्यालयात कधीतरी चहाच्या वेळी कोणाकडून तरी ऐकलेलं. अल्पवयीनाचं रेकॉर्ड राहत नाही. कोण म्हणालं होतं? कोणत्या आधारावर? विजेचं बिलसुद्धा दोनदा तपासून भरणारी मी — हे वाक्य एकदाही तपासलं नाही.

"सुमेध, तूच उडवून राहिला होता म्हणून सांग," मी म्हटलं. "लहानाच्या नावावर काही राहत नाही, बाबू."

तो माझ्याकडे पाहत राहिला. हातात अजून चक्रीच होती.

"मीच काहून वं, आई?"

"दादाची नोकरी जाईल ना रे."

"बरं," तो म्हणाला.

एवढंच. ‘मीच काहून’ हे त्याने आजपर्यंत मला पुन्हा विचारलेलं नाही.

हवालदार आले. वयस्क होते, आवाजही चढवला नाही. "ताई, पतंग कोण उडवून राहिलं होतं?" मी काही बोलायच्या आत सुमेध पुढे झाला. निखिल पाण्याच्या माठाजवळ उभा होता. तो गप्प राहिला. त्याचं गप्प राहणं त्याचं त्याच्यापाशी. इथे मी माझंच सांगायला बसले आहे.

ठाण्यात सुमेधला कोणी बोटही लावलं नाही. साध्या कपड्यातल्या अधिकाऱ्यांनी माझ्यासमोर विचारपूस केली, नोंद केली, पुढे बाल न्याय मंडळापुढे जायला सांगितलं. त्याआधी मी सुमेधला घेऊन त्या बाईंच्या घरी गेले. गळ्याला पट्टी, बोलताना त्रास होत होता. सुमेध त्यांच्या पायाशी बसून रडायला लागला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "पोरगं चांगलं आहे तुमचं, बाई. खरं बोलून राहिलं."

मी मान हलवली. काय करायला हवं होतं मी तेव्हा? विचारायची गरज नाही, तुम्हालाही माहीत आहे.

त्या बाईंनी तक्रार नाही असं लिहून दिलं. मंडळाने समज दिली, समुपदेशन झालं, प्रकरण बंद झालं. घरी येऊन मी देवळीसमोर दिवा लावला. काम संपलं, असं मला वाटलं. हो — काम. मला तेव्हा ते कामच वाटलं होतं.

मुलांच्या बाबांना आम्ही तेच सांगितलं जे पोलिसांना सांगितलं होतं. पाळीवरून आल्या आल्या त्यांनी सुमेधच्या थोबाडीत मारली. "लाज आणली बे तू! दादाकडे पाहून शीक काही." निखिल त्याच खोलीत होता. मी भाजी चिरत होते. मी चिरतच राहिले.

गल्लीतली पोरं त्याला मांजावाला म्हणायला लागली. "काय बे मांजावाले, आज कोणाचा गळा?" तो हसून पुढे जायचा. आम्ही शहराच्या कडेला, बेसाला, फ्लॅट घेतला, त्याची कारणं मी सगळ्यांना सांगायची — कार्यालय, बाजार, हवा. खरं कारण हे होतं, की ती हाक मला ऐकवत नव्हती. त्याला ऐकावी लागत होती म्हणून नव्हे. मला ऐकवत नव्हती म्हणून.

पुढे सुमेधने पोलीस भरतीची तयारी सुरू केली. पोलीसच का, हे मी विचारलं नाही. मला भीती होती, तो उत्तर देईल. पहाटे उठून बेसा रोडला धावायचा, येऊन भिजवलेले चणे खायचा, दिवसभर मोबाइलच्या दुकानात काम, संध्याकाळी अभ्यास. मैदानी झाली, लेखी झाली, यादीत नाव आलं. त्या दिवशी त्याच्या बाबांनी सोसायटीत पेढे वाटले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला मी पाहिला.

मग चारित्र्य पडताळणीचा अर्ज आला. त्यात विचारलं होतं — तुम्हाला कधी ताब्यात घेतलं होतं का, तुमच्याविरुद्ध कधी प्रकरण झालं होतं का?

"आई, काय लिहू?"

"नाही लिही," मी म्हटलं. "ते कधीचंच संपलं."

किती ठाम होता माझा आवाज! त्याने विश्वास ठेवला. दुसऱ्यांदा.

जुन्या पत्त्यावरच्या ठाण्यातून अहवाल गेला आणि त्यात ती संक्रांत होती. माहिती लपवली, असं कारण देऊन निवड थांबवली गेली. यादीतल्या बाकीच्या मुलांनी प्रशिक्षणासाठी बॅगा भरल्या, याने दुकानातली सुट्टी रद्द करून घेतली.

आम्ही वकील मॅडमकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावलं. तक्रार मागे घेतली म्हणजे ठाण्यातली नोंद मागे गेली, असं होत नाही. झालेली गोष्ट नोंदलेली राहते. अल्पवयीन मुलाचं वेगळं आहे — मुदत संपल्यावर त्या नोंदी नष्ट व्हायला हव्यात, ते प्रकरण त्याच्या आड येऊ नये, असंच कायदा सांगतो. "पण कायदा सांगतो म्हणून संगणकातलं आपोआप जात नाही हो. कोणी मागे लागलं होतं का? मंडळाकडे, ठाण्याकडे कोणी विचारलं होतं?"

कोणी म्हणजे मी. गॅसची जोडणी नंदनवनहून बेसाला आणायला मी चार खेटे घातले होते. यासाठी एकही नाही. कारण विचारायला गेले असते, तर ते प्रकरण पुन्हा उघडून पाहावं लागलं असतं.

मग मॅडमनी पेन उचललं आणि सहज विचारलं, "पतंग यानंच उडवला होता ना?"

सुमेध माझ्या शेजारच्या खुर्चीवर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही — खरं सांगायची वाट मला मोकळी करून दिली होती, हे आता कळतं.

"हो," मी म्हणाले.

बाहेर येऊन आम्ही गाडीजवळ गेलो. मी हेल्मेट घातलं. "थांब वं आई," तो म्हणाला, "पट्टा ढिला आहे तुझा." वाकून त्याने माझ्या हनुवटीखाली तो नीट आवळला, बोट घालून पाहिलं की जास्त घट्ट तर झाला नाही. मग गाडी सुरू केली.

निवड थांबवल्याच्या पत्राला मॅडमनी पाठवलेल्या उत्तराचा उपयोग झाला नाही. त्याची जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला मिळाली. आता अपील उरलं आहे. सुमेध पहाटे उठत नाही. मी पाचला जागी असते, पण त्याच्या खोलीचं दार बंद असतं.

एक गोष्ट मी स्वतःपासूनही लपवत आले. मी म्हणत आले, की मी कायद्याचा हिशेब करून धाकट्याला पुढे केलं. खोटं आहे ते. त्या स्वयंपाकघरात मी निखिलला म्हटलं असतं, कबूल कर — तर तो भांडला असता, रडला असता, मला दोष दिला असता. सुमेध भांडत नाही. मी त्याला निवडलं, कारण तो बरं म्हणणार हे मला माहीत होतं. वयाची सबब नंतर सुचली, की आधी? नंतर सुचली.

परवा मी मॅडमना एकटीने फोन केला. समजा दुसऱ्याच कोणी उडवला असेल तर, असं विचारलं. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांनी त्या दुसऱ्यावर काही होणं कठीण. पण आईने स्वतः पुढे येऊन सांगितलं, तर अपिलात धाकट्याच्या कामी येऊ शकतं. "अपिलाची मुदत लक्षात ठेवा," म्हणाल्या.

म्हणजे निखिलचं कारणही आता माझ्याकडे उरलेलं नाही.

वकिलांकडे जायच्या आधी सुमेधच्या बाबांना सांगावं लागेल. ते बाल्कनीत पेपर वाचत बसले आहेत. सुमेध दुकानात गेला आहे. तो निघताना त्यांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. मी दोनदा बाल्कनीच्या दारापर्यंत जाऊन आले. एकदा चहा दिला, एकदा कप उचलला.

सांगायचं अजून राहिलं आहे.