न हलवलेला नारळ

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकतं. वही माझीच, सांभाळून घेईल. आज आक्काने नारळ कानाशी न हलवताच उचलला, म्हणून लिहावंसं वाटलं.

आक्का माझी थोरली जाऊ. देवळापुढे नारळ विकते. कानाशी हलवून चांगला-नासका सांगते. यंदा तिच्याच गर्भाशयात गाठ निघाली. सोनोग्राफी, एमआरआय झालं, आतला तुकडाही तपासला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "साधीच वाटते. पण कॅन्सर नाही, हे काढून तपासल्यावरच पक्कं कळेल. म्हणून आत तुकडे न करता पिशवीसकट अख्खी काढू."

"एवढी मशिनं, आणि नारळवालीइतकंही कळेना?" आक्का म्हणाली. मॅडम हसल्या. माझा हात मात्र तिने घट्ट धरला होता. बाहेर येऊन हळूच म्हणाली, "माझेही नासके निघतात गं. गुपचूप बदलून देते."

पोटातलं कोणाला बदलून देता येतं? ऑपरेशन झालं, पण गाठीचा रिपोर्ट येईपर्यंत मी तेच घोकत होते.

काल रिपोर्ट आला. गाठ साधीच होती. आज आक्काने ढिगातला हाताला येईल तो नारळ मला दिला. "फोड तूच. मला जोर लावायला बंदी आहे."

फोडला. आत पांढरंशुभ्र खोबरं.